भट्टीविना चुना

चुनाचाचा भिंतीला जीभ लावून बघत. ऐकीव सांगत नाही, मी स्वतः पाहिलं आहे. आमच्या कॉलेजची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. भिंती दगडी, आणि पावसाळ्यात आतल्या गिलाव्याचे पापुद्रे सुटून पोरांच्या वह्यांवर पडत. शेवटी एका दिवाळीच्या सुट्टीत सगळा गिलावा खरवडून चुन्याचा नवा करायचं ठरलं, आणि रिवाजाप्रमाणे सुट्टी संपली तरी काम संपलं नाही. मी तेव्हा डेमॉन्स्ट्रेटर होते, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली. दिवसातून चारदा तरी मी पोरांना बजावत असे, "इथली कुठलीही वस्तू तोंडात घालायची नाही." असंच एकदा बजावून मागे वळले, तर पांढरी टोपी घातलेला पन्नाशीचा एक माणूस डोळे मिटून भिंत चाटत होता.

"अहो, काय करताय?" मी जवळजवळ ओरडलेच.

"भित पिकली का बगतोय, बाई," ते शांतपणे म्हणाले. "हितं पिकलीया. त्या खिडकीखाली कच्ची हाय अजून. जिभंला चावती."

पोरं हसली. मला मात्र चेव आला. मी फिनॉल्फ्थॅलीनची बाटली काढली. हे औषध अल्काचा, म्हणजे चुन्यासारख्या क्षाराचा, अंश असला की गुलाबी होतं, नसला की पाण्यासारखं राहतं. पिकली म्हणाले त्या जागी थेंब टाकला, काही झालं नाही. खिडकीखाली टाकला आणि पांढऱ्या भिंतीवर गुलाबी ओघळ उतरला. मी आणखी सहा जागा दाखवल्या. सहाही ठिकाणी त्यांनी आधी जीभ लावली, मी नंतर थेंब टाकला, आणि सहाही वेळा दोघांचं उत्तर एकच आलं. वर्गात आता कुणी हसत नव्हतं. चाचांनी बाटली हातात घेऊन उजेडात धरली.

"तुमचं औषध आन् माजी जीभ, दोगं बी खरं बोलत्यात की!" ते म्हणाले. मग हळूच, "पर बाई, ते गुलाबी का होतंय?"

आमची ओळख ही अशी झाली. त्यांचं नाव इस्माईल. पण कॉलेजच्या शिपायांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना चुनाचाचाच म्हणत. चार पिढ्या घरात चुन्याचं काम. चुनखडी भट्टीत भाजायची, कळीचा चुना हौदात विझवायचा, बैलाच्या घाणीत दगडी चाकाखाली मळायचा, गुळाचं पाणी घालून भिंतीवर चढवायचा. हातांची कातडी चुन्यानं खाऊन टाकलेली, बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. शाळा म्युनिसिपालटीची, मराठी चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं, पण वाचायची हौस दांडगी. शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचल्याशिवाय टाकत नसत.

काम चालू होतं ते दोन महिने दुपारची भाकरी खाऊन झाली की ते प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहत. मी स्टूल पुढे केलं की बसत, आणि एखादा प्रश्न काढत. विझवलेल्या चुन्याच्या हौदावर सकाळी पातळ पापुद्रा धरलेला असतो, त्याला ते साय म्हणत. "दुदाला साय धरती ती दुदातली. चुन्याला कुटनं येती?" मी फळ्यावर लिहून दाखवलं: चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचा परत दगड होतो. म्हणजे भट्टीत जो वायू दगडातून काढून टाकला, तोच वायू चुना हवेतून परत घेतो. चाचा म्हणाले, "म्हंजे आमी दगडाला जाळून उपाशी करतो, आन् त्यो हवा खाऊन परत दगूड हुतो." मी हो म्हटलं. त्यावर त्यांनी विचारलं, "आन् मग?"

हे त्यांचं 'आन् मग?' मला फार छळायचं. ते समीकरण मी शाळेपासून पाठ केलं होतं, त्याच्यावर मार्क मिळवले होते, पदवी मिळवली होती. पण त्याच्या पुढे काय, हे मला कुणी विचारलं नव्हतं. किती वर्षांनी भिंत आतपर्यंत पिकते? हजार वर्षांनी त्या चुन्याचं काय होतं? "कुणाला ठाऊक!" असं म्हटलं की चाचांना फसवल्यासारखं वाटे. "तुमी शिकल्यालं मानूस, तुमी आसं म्हनू नये," ते म्हणत, आणि मी संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन बसे. नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा.

त्यांचं आणखी एक वाक्य होतं, ते पुढं मी प्रत्येक वर्गाला सांगितलं. एकदा माझ्या एका प्रयोगाचे आकडे रोज निराळे येत होते आणि मी पाण्याला दोष देत होते. चाचांनी माझी काचेची बरणी उचलून बुडावर बोट फिरवलं. "पानी खोटं बोलत न्हाय बाई, भांडं खोटं बोलतंय." बरणी नीट धुतलेली नव्हती. तळाला जुन्या सोड्याचा थर बसला होता.

पुढच्या पाच-सहा वर्षांत त्यांचं काम आटत गेलं. कोल्हापुरात शाहूपुरीकडे नव्या इमारती उठत होत्या त्या सगळ्या सिमेंटच्या. घाणी बंद पडली. चाचा सिमेंटचंही काम करू लागले. हात बसलेला होता, जमलं. पण मन बसलं नाही. "शिमिट म्हंजे घाईचा चुना," असं त्यांचं मत. मग कुरुंदवाडच्या त्यांच्या मेहुण्यानं मस्कतला बोलावून घेतलं. तिकडं गवंड्यांना कामच काम होतं. चाचांची मुलगी तेव्हा लग्न होऊन कागलला नांदत होती, घरी फक्त त्यांची बायको, हमीदाचाची. निघायच्या आदल्या दिवशी ते माझा पत्ता लिहून घ्यायला कॉलेजात आले.

"पत्र लिवलं तर चालंल न्हवं, बाई? घरी लिवायचं म्हंजे सगळं बरं हाय एवडंच लिवायचं असतंय. काय इचारायचं झालं तर कुनाला इचारू?"

वर्षभर काही आलं नाही. मग एक निळं हवाई पत्र आलं, कडेपर्यंत भरून लिहिलेलं. चाचा जसे बोलत तसेच लिहीत. मस्कतपासून आत डोंगरात परदेशी शास्त्रज्ञांचा एक तळ होता. त्यांना झऱ्यांचं पाणी मोजायला छोटे बांध घालून हवे होते, म्हणून कंपनीनं एक गवंडी त्यांच्याकडे धाडला. तो गवंडी म्हणजे चाचा. शास्त्रज्ञांच्या प्रमुखाला ते पाणीसाहेब म्हणत. पत्रात पुढं लिहिलं होतं:

"बाई, हितं डोंगरातनं चुन्याचं पानी येतंय. भट्टी न्हाय, जाळ न्हाय, कुनी चुना टाकल्याला न्हाय. डोंगर काळाहिरवा, चुनखडीचा न्हवं. पानी निळंशार, आन् वर साय. बोटाला गुळगुळीत, जिभंला चावतंय. आमच्या हौदातलंच पानी की हे. पर हे कुनी इझवलं?"

मी ते पत्र तीनदा वाचलं आणि मनातल्या मनात म्हटलं, चाचांची काहीतरी गफलत होते आहे. नुसत्या चुनखडीतून झिरपलेलं पाणी जिभेला चावत नाही. त्यासाठी दगड आधी भाजावा लागतो. तसं मी त्यांना लिहून कळवलं, जरा शिकवण्याच्या सुरातच. उत्तरात एक कागदाची पट्टी आली. स्वयंपाकाच्या तंबूतली हळद कागदाला चोळून त्यांनी त्यावर झऱ्याचा थेंब टाकला होता. पट्टीवर आता नुसता मळकट पिवळा डाग होता. सोबत लिहिलं होतं: "टाकल्याबरूबर लालभडक झालता, कुंकवावानी. तुमच्यापतूर येस्तवर हवा खाऊन परत पिवळा हुईल बहुतेक. त्यो लाल हुता, हे माज्यावर इस्वास ठिवून माना."

मी ती पट्टी भूगर्भशास्त्राच्या एका सरांना दाखवली. त्यांनी पत्र वाचलं आणि ते मोठ्यानं हसले. "बाई, गवंड्याला सगळीकडं चुनाच दिसणार!" आणि सांगायला लाज वाटते, पण मीही त्यांच्याबरोबर हसले.

हसू जिरायला तीन महिने लागले. पुण्याला एका कामासाठी गेले असताना तिथल्या मोठ्या ग्रंथालयात एका परदेशी नियतकालिकात मला तसाच झरा सापडला. निराळ्या देशातला, निराळ्या डोंगरातला. पण निळं पाणी, वर पांढरी साय, अल्क इतका तीव्र की साबणाविना त्यात कापड धुवावं. मी जेवायचं विसरून ते पानन् पान उतरवून घेतलं. त्या काळ्याहिरव्या खडकाची गोष्ट मी चाचांना लिहिली, जमेल तितकी सोपी करून. हा डोंगर मुळात डोंगर नव्हताच. तो समुद्राच्या तळाखालचा, खोल पोटातला खडक. कधीकाळी जमिनीचा रेटा बसून समुद्राचा तळच्या तळ उचलला गेला आणि किनाऱ्यावर चढला. पोटातल्या त्या खडकाला पाण्याची सवय नाही. पावसाचं पाणी भेगांतून आत गेलं की खडक ते पितो, फुगतो, त्याचा पोत बदलून सापाच्या कातडीसारखा होतो. खोल आत, हवेशी संबंध तुटलेलं ते पाणी खडकातला चुन्याचा अंश उचलत राहतं. आणि शेकडो, कदाचित हजारो वर्षांनी बाहेर येऊन पहिल्यांदा हवा खातं, तेव्हा त्याच्यावर साय धरते.

चाचांचं उत्तर आलं. "समुद्राच्या तळावर हुबा राहून म्या रोज च्या पितो, हे मला ठावंच न्हवतं. पानीसाहेबाला इचारलं, त्यो म्हनला खरं हाय. तुमास्नी कोल्लापुरात बसून कसं कळलं म्हनून त्यो चकित झाला." आणि खाली, एकट्या ओळीत: "आन् मग?"

पुढची चार वर्षं आमचा पत्रव्यवहार चालला. दर दीड-दोन महिन्यांनी निळं पत्र येई आणि त्यात एक नवीन गोष्ट असे. झऱ्याच्या डबक्यातून बुडबुडे येतात; चाचांनी त्यावर पेला पालथा धरून वायू साठवला, काडी लावली, आणि फट् असा आवाज होऊन तो जळला. दगड पाणी पितो तेव्हा पाण्यातला हायड्रोजन सुटतो, हे मी शोधून कळवलं. एकदा लिहिलं की आणलेल्या बाटल्यांतलं पाणी तळावरच्या यंत्रात घातलं की आकडा उतरतो, साहेब वैतागलेत. चाचांना कारण दिसत होतं: बाटलीत हवा राहते, पाणी ती खातं आणि नरम होतं. त्यांनी साहेबांसमोर बाटली पाण्याखाली बुडवून भरली, पाण्याखालीच झाकण लावलं, एक बुडबुडा आत राहू दिला नाही. हौदातला चुना पाण्याखाली झाकून ठेवायची जुनी रीत ती. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या तळानं तसंच भरायला सुरुवात केली.

या पाण्याचा एवढा खटाटोप कशाला, हेही त्यांनीच विचारून कळवलं. अणुशक्तीच्या कारखान्यातला विषारी कचरा सिमेंटमध्ये कोंडून खोल खडकात पुरायचा, अशी पुढारलेल्या देशांची योजना होती. पण सिमेंटमधून झिरपणारं असंच जिभेला चावणारं, कडक पाणी आजूबाजूच्या खडकाचं हजारो वर्षांत काय करील, हे कुणी बघितलेलं नाही. एवढी वर्षं थांबणार कोण? या डोंगरात मात्र तसंच पाणी कधीपासून वाहतं आहे. म्हणून शास्त्रज्ञ तिथं बसून निसर्गाचा जुना प्रयोग वाचत होते. आणखी एकजण त्या पाण्यात जंतू शोधत होता. "एवड्या जळजळीत पान्यात बी काय तर जगतंय म्हनं. त्यो पोरगा म्हनतो, दुनियेत पैला जीव आसल्याच पान्यात झाला आसंल, काय सांगावं. म्या म्हनलं, माजा बाप चुन्याच्या हौदात पाय घालून चाळीस वरसं जगला, जंतू का न्हाई जगनार?"

मग ते पत्र आलं. नेहमीपेक्षा लहान, आणि अक्षर जास्त जपून काढलेलं.

तिथं एक तिसरा झरा होता, अगदी बारीक, भेगेतून थेंबथेंब येणारा. चाचांनी त्याच्याखाली सिमेंटचा छोटा हौद बांधून दिला होता, त्यात पाणी साठायचं आणि मोजलं जायचं. आधी एकदा त्या भेगेचं पाणी घेतलं होतं ते साधंच निघालं होतं. पण बाटलीतल्या पाण्यानं हवा खाल्ली असेल म्हणून साहेबांनी तो आकडा सोडून दिला. हौद झाल्यावर मोजलं, तर सगळ्या झऱ्यांत तोच सर्वांत कडक. साहेब आनंदानं नाचायचे बाकी राहिले. एवढ्या उंचीवर, अशा जागी, इतकं तीव्र पाणी मिळणं म्हणजे मोठीच गोष्ट. त्यांनी आपल्या विद्यापीठाला कळवलंसुद्धा.

"बाई," चाचांनी लिहिलं होतं, "काल म्या भेगंला जीभ लावली. चावत न्हाय. हौदात लावली. चावतंय. ते पानी डोंगराचं न्हवं, माज्या शिमिटाचं हाय. नवा शिमिट चुना सोडतोय, पानी थोडं, जागंवर बसतंय. साहेबाच्या ध्येनात आलं न्हाय. आदीचा आकडा त्यानं टाकला त्यो बी माज्या हवा खायाच्या गोष्टीमुळं. आता सांगितलं तर साहेबाचं तोंड पडतंय, आन् माजं काम जातंय. न्हाई सांगितलं तर कुनाला कळायचं न्हाय. तुमी काय म्हनता? लौकर कळवा."

मी दोन दिवस ते पत्र पर्समध्ये घेऊन हिंडले. हमीदाचाचींना तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला न्यायचं चाललं होतं, ते मला माहीत होतं. चाचांचं वय साठीला टेकलेलं. तिथून परत पाठवलं तर इथं त्यांना कोण काम देणार, हेही माहीत होतं. तिसऱ्या दिवशी मी उत्तर लिहिलं. लिहिलं की घाई करू नका. साहेब एवढे मोठे शास्त्रज्ञ आहेत, आज ना उद्या त्यांच्या लक्षात येईलच. आपल्या पायावर आपल्या हातानं धोंडा पाडून घेऊ नका. तूर्त गप्प राहा. मोठ्या पोस्टात जाऊन मी ते पत्र टाकलं आणि हलकं वाटलं. आपण शहाणपणाचा सल्ला दिला, असंच वाटलं.

पुढचं पत्र तीन महिन्यांनी आलं. माझं उत्तर पोचायच्या आठ दिवस आधीच चाचांनी सांगून टाकलं होतं.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ते सकाळी साहेबांना झऱ्यावर घेऊन गेले. दोन पेले मांडले. एकात भेगेचं पाणी धरलं, एकात हौदातलं घेतलं, दोन्हींत चिमूटभर हळद टाकली. पहिला पिवळाच राहिला, दुसरा लाल झाला. चाचांनी पहिल्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "धिस माउंटन." मग दुसऱ्याकडे बोट केलं, आणि ते बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. "धिस मी."

साहेब दोन्ही पेले उचलून तंबूत गेले. चाचांनी आपली पेटी भरून ठेवली. तिसऱ्या दिवशी साहेब हातोडा घेऊन आले आणि तो चाचांच्या हातात दिला. जन्मात पहिल्यांदा चाचांनी स्वतः बांधलेलं स्वतः फोडलं. खडा न् खडा वेचून दूर नेऊन टाकला. महिनाभर झरा तसाच वाहू दिला आणि मग मोजला. पाणी साधंच होतं. साहेबांनी वहीतलं पान आडवी रेघ मारून खोडलं, फाडलं मात्र नाही, आणि खोडल्याची हकीकत विद्यापीठाला लिहिली. बाकीच्या दोन झऱ्यांवरचे बांध नुसत्या दगडांचे होते, सिमेंटचा कण नव्हता, त्यांचे आकडे खरे होते. त्यानंतर कुठलाही नवा झरा सापडला की साहेब यंत्राच्या आधी चाचांना पुढं करत.

पत्राच्या शेवटी एवढंच होतं: "तुमचं पत्र पोचलं. काळजी नसावी. चाचीचं आप्रेशन झालं, दिसतंय म्हनं. तुमी एकदा जाऊन बगून या."

माझ्या सल्ल्याबद्दल एक अक्षर नव्हतं. पुढच्या पत्रांतही कधी आलं नाही. मीही विषय काढला नाही. मी आपली हायड्रोजनबद्दल लिहीत राहिले.

दोनेक वर्षांनी चाचा कायमचे परत आले. तळ उठला होता, आणि त्यांचा दमही सरला होता. कॉलेजात आले तेव्हा जिना चढताना तीनदा थांबले. मी आता वरच्या मजल्यावर बसत होते. माझ्या टेबलावर त्यांनी रुमालाची गाठ सोडून एक दगड ठेवला. खाली काळाहिरवा, वर बोटभर जाडीचा पांढरा थर. शिपाई चहा घेऊन आला. आम्ही जंतूंबद्दल बोललो, साहेबांबद्दल बोललो, कागलच्या नातवंडांबद्दल बोललो. बोलता बोलता मला ते आणखी दडपता येईना.

"चाचा," मी म्हटलं, "त्या वेळी मी तुम्हाला गप्प राहा म्हणून लिहिलं होतं."

"व्हय. वाचलं की."

"राग नाही आला?"

"राग कशाचा? तुमी माज्या पोटाची काळजी केली. चाचीच्या डोळ्याची केली. ती बी खरीच हुती की." त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी कपाखाली नीट ठेवली. मग म्हणाले, "राग न्हाय आला, बाई. भ्या वाटलं."

"भीती? कसली?"

"पत्र आठ दिस आदी आलं आसतं, तर म्या गप बसलो आसतो." ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. "तुमचा शबुद म्या कदी मोडला न्हाय. तुमी शिकल्यालं मानूस. म्या म्हनलो आसतो, बाई म्हंत्यात तर आसंल. आन् ते पानी त्या साहेबाच्या पुस्तकात जलमभर खोटं राहिलं आसतं. टपालवाल्याला उशीर झाला म्हनून वाचलो."

ते उठले, टोपी सारखी केली. "लई मनाला लावून घिऊ नका," ते म्हणाले. "म्या बी तुमास्नी का इचारलं? मला ठाव हुतं की काय करायचं ते. कुनी तरी नगं म्हनावं, म्हनूनच इचारलं आसंल." आणि कठड्याला धरून सावकाश खाली उतरले.

त्या हिवाळ्यात चाचा गेले. मला कळायला चार दिवस उशीर झाला. मी घरी गेले तेव्हा हमीदाचाचींनी मला ओळखलं, जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "आमच्यांनी तुमास्नी एवडं काय लिवलं ओ? मला तर चार वळीच्या वर कदी आलं न्हाय." मी एकेक पत्र नेऊन त्यांना वाचून दाखवायचं कबूल केलं. दर शुक्रवारी जात असे. समुद्राचा तळ, जळणारे बुडबुडे, जंतू, सगळं त्यांनी हसत, मध्येमध्ये डोळे पुसत ऐकलं.

हौदाच्या पत्राची पाळी आली तेव्हा मी तेही वाचलं. त्याला मी काय उत्तर लिहिलं, हे त्यांनी विचारलं. माझं पत्र चाचांच्या पेटीत होतं, तळाशी, घडी घालून. चाचींनीच ते काढून माझ्या हातात दिलं. मी ते मोठ्यानं वाचलं, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत, एकही शब्द न गाळता.